तांड्यावरचे दुःख कोण ऐकणार?

धाराशिव जिल्ह्यात शेतकरी गळफास घेतो, तेव्हा तलाठी येतो, पोलीस येतात, पंचनामा होतो आणि हे मरण मदतीला पात्र की अपात्र याचा निवाडा समिती करते. त्या जिवाशी त्याच्या बोलीत मरणाआधी कोणी बोलले होते काय, हे विचारायला मात्र कोणी येत नाही!

2015 साली सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्प काढला. धाराशिव त्यात होते. आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरल्या, 104 हा मदतीचा क्रमांक गावोगाव गेला. त्या आशाताईंना आमचा दंडवत. पण माणूस प्रमाण मराठीत खचत नाही. बंजारा तांड्यावरची बाई गोरमाटीत रडते. परंड्याचा मुसलमान शेतकरी दखनीत मन मोकळे करतो. उमरग्याकडे कानडी ऐकू येते. पारध्याच्या पालावर तर सरकारी माणूस दिसला की आधी पोलीसच आठवतो. मुकादमाची उचल फिटत नाही म्हणून झोप उडालेल्या ऊसतोड्याला ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणे हा समुपदेशनाच्या नावाखाली केलेला अपमान आहे. जिच्या अंगात भवानी येते तिला एका वाक्यात वेडी ठरवणारा शहाणा आणि तिला मांत्रिकाच्या हवाली करणारा नातेवाईक, दोघेही आमच्या लेखी सारखेच अपराधी!

अमेरिकेतल्या काळ्या समुपदेशकांनी हा अपमान निमूट सोसला नाही. गोऱ्यांच्या मापाने आपली माणसे मोजली जातात, हे त्यांनी परिषदांत ठणकावून सांगितले आणि 1972 साली समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेत आपला स्वतंत्र विभाग मिळवला. 1985 साली त्याचे नाव ‘बहुसांस्कृतिक समुपदेशन व विकास संघटना’ असे झाले. समुपदेशकाला आपले पूर्वग्रह ओळखता आले पाहिजेत, समोरच्याचे जग जाणता आले पाहिजे, ही व्यवसायाची अटच या संघटनेने 1992 पर्यंत लिहून काढली. हे कोणा सरकारने दिले नाही; संघटनेने घेतले.

आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने समुपदेशकांना व्यावसायिकांच्या यादीत घेतले. पण कायद्याच्या पुस्तकातली नोंद पालावर पोहोचणार कशी? कंत्राटावर नेमलेला एकटा समुपदेशक आज ना वरिष्ठांशी भांडू शकतो, ना स्वतःची चूक कोणापुढे मांडू शकतो. त्याच्या पाठीशी कोण आहे?

म्हणून धाराशिवच्या समुपदेशकांनी जिल्ह्याची संघटना उभारलीच पाहिजे. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार 1986 पासून आहे. तिथे एकत्र बसा. आशाताईंना आणि तांड्यावरच्या, मोहल्ल्यातल्या, पालावरच्या शिकलेल्या मुलामुलींना पाहुणे म्हणून नको, मतदानाच्या हक्कासह सभासद करा. ऐकलेले गुपित गावात फोडणाऱ्याला काढून टाकण्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहा. कारण ‘हिला डोक्याची गोळी चालू आहे’ एवढ्या कुजबुजीने इथे पोरीचे लग्न मोडते. आणि ही पहिली बैठक ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावरच घ्या. ज्यांच्यासाठी ठराव करायचे, ती माणसे तेव्हा तरी गावात असतील.