खरं कळायला किती दिवस लागतात?

आज १७ सप्टेंबर. सकाळी झेंडावंदनाला गेलो होतो. मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं दरवर्षी ऐकतो, पण यंदा ऐकताना डोक्यात मे महिन्यातली एक रात्र फिरत होती. तीच आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे.

८ मेची रात्र. ऑपरेशन सिंदूरचा दुसरा दिवस. आपल्या धर्मापुरीत अकरा वाजून गेले तरी घराघरात टीव्ही चालू. स्टुडिओतले सायरन, निवेदकांचं ओरडणं. एका पोराचा फोन आला, "दादा, कराची गेलं की हो! इस्लामाबादमधी बी आपले लोक घुसलेत म्हणं!" मी टीव्हीसमोरच होतो. दोन-तीन चॅनेलवर तेच चाललेलं. मीही गावच्या ग्रुपवर ठोकून दिलं, "मोठी बातमी: कराची बंदर उद्ध्वस्त." खाली झेंडे, टाळ्या, फटाके.

मी पत्रकारितेची पदविका केलेला माणूस. दोन ठिकाणाहून खात्री केल्याशिवाय बातमी द्यायची नाही, हे सुरुवातीलाच शिकवलं जातं. एकमेकांचं बघून ओरडणारी दोन चॅनेलं म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत, हे त्या रात्री मला सुचलं नाही.

सकाळी कराची होतं तिथंच होतं. बंदरावर हल्ला झालाच नव्हता. एका चॅनेलनं माफी मागितली, बाकीचे पुढच्या बातमीला लागले. मी मेसेज डिलीट केला. पण 'माझी चूक झाली' असं ग्रुपवर लिहिलं नाही. आज इथं लिहितोय.

कुणी म्हणेल, हे खोटं चॅनेलवाल्यांचं, सरकारनं कुठं सांगितलं होतं कराची घेतली म्हणून? बरोबर आहे. सरकारनं तसं सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसांत लोकांचा खरा प्रश्न वेगळा होता: आपली विमानं पडली का? त्यावर ११ मेच्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती एवढंच बोलले की लढाईत नुकसान होतच असतं आणि आपले सगळे वैमानिक परत आलेत. पुढं वीस दिवस शांतता. या काळात कुणी हा प्रश्न विचारला की तो देशद्रोही. आमच्या टपरीवर सुद्धा. शेवटी ३१ मेला संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये, परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना मान्य केलं की आपली विमानं पडली. सहा पडल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी खोडला, पण आकडा दिला नाही.

म्हणजे बातमी आपल्या देशाची, आणि ती आपल्याला कळली सिंगापूरहून.

पलीकडं काय वेगळं नव्हतं. पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरून व्हिडिओ गेममधलं दृश्य लढाईचं म्हणून फिरवलं गेलं. त्यांचे उपपंतप्रधान इशाक दार यांनी तर संसदेत इंग्लंडच्या एका दैनिकाच्या नावावरचं बनावट कात्रण पुरावा म्हणून सांगितलं. ते बनावट आहे हे तिथल्याच 'डॉन' या वृत्तपत्रानं छापलं. आपल्याच मंत्र्याला आपल्याच पेपरनं भर लढाईच्या वातावरणात खोटं पाडलं, याला मी देशभक्ती म्हणतो.

आता जरा मागं चला. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांमध्ये आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. तेव्हा सांगितलं गेलं ते एवढंच की हेलिकॉप्टर कोसळलं, चौकशी चालू आहे. आपल्याच क्षेपणास्त्रानं ते पडलं असावं, अशा बातम्या महिनाभरात काही वर्तमानपत्रांत आल्या. सरकार गप्प.

९ एप्रिलला शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औशाला पंतप्रधानांची सभा झाली. पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरांना ते म्हणाले की तुमचं पहिलं मत बालाकोटवर हल्ला करणाऱ्या वीर जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का? १८ एप्रिलला आपण बीडकरांनी मतदान केलं. २३ मेला निकाल लागला. आणि ४ ऑक्टोबरला नवे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे सांगितलं की हो, आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं हेलिकॉप्टर पाडलं, ती मोठी चूक होती.

सात महिने. मधे अख्खी लोकसभा निवडणूक होऊन गेली. हे आधी कळलं असतं तर निकाल बदलला असता, असं मी म्हणत नाही. मतदाराला ते माहीत असण्याचा हक्क होता, एवढंच म्हणतो.

आता आजच्या दिवसाकडे येतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८. रणगाडे आले, विमानांनी बॉम्ब टाकले, लष्कराच्या तुकड्या चारी बाजूंनी हैदराबाद संस्थानात शिरल्या. त्याचं लष्करी नाव ऑपरेशन पोलो. पण आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी शब्द कुठला? 'पोलीस ॲक्शन'. निजामानं संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नेली होती. हा आमचा घरगुती मामला आहे असं जगाला सांगायला हा शब्द सोयीचा होता. तिकडं कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवायच्या बाता मारत होता, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं.

रझाकारांनी काय केलं हे मराठवाड्याला सांगायला नको. माझे आजोबा 'रझाकाराच्या टायमाला' म्हणून जे सांगायचे, ते ऐकून लहानपणी झोप लागायची नाही. पण त्यांच्या गोष्टी १७ सप्टेंबरला संपायच्या. पुढं पत्रकारितेत आल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या एका चाचांशी बोलत बसलो, तर त्यांच्या घरातल्या गोष्टी १७ सप्टेंबरला सुरू व्हायच्या.

त्या गोष्टी तपासायला सरकारनंच माणसं पाठवली होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि सोबतचे सदस्य १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानभर फिरले. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. बीड म्हणजे आपणच. याच अहवालात हेही आहे की कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं. सरकारनं तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सामान्य माणसाला वाचायला मिळू लागला २०१३ साली. पासष्ट वर्षांनी.

तेव्हा सरकार नेहरू-पटेलांचं होतं, आता मोदींचं आहे. म्हणून मला पक्षाच्या खात्यात टाकायची घाई करू नका.

मला कळलं ते एवढंच. लढाईच्या काळात सरकारला दरवेळी खोटं बोलावं लागत नाही. खरं उशिरा सांगितलं तरी भागतं. मधल्या रिकाम्या जागेत बाकीचं आपण भरतो: चॅनेलवाले, ग्रुपवाले, माझ्यासारखे अर्धवट पत्रकार. आणि एकदा भरलेलं निघत नाही. कराची पडली असं आजही सांगणारे चार जण टपरीवर भेटतात.

लढाईत गुपितं लागतात, मान्य. फौज कुठं आहे, उद्या काय करणार, हे कुणी विचारूही नये. पण विमान पाडलं की शत्रूला ते माहीतच असतं. बडगामला तर शत्रूचा संबंधच नव्हता. मग ते लपवलं कुणापासून? तुमच्या-माझ्यापासून. आणि अहवाल पासष्ट वर्षं दाबून कुठली सीमा राखली? उलट एका गावातल्या दोन गल्ल्या एकाच दिवसाच्या दोन वेगळ्या गोष्टी सांगत म्हाताऱ्या झाल्या. आजच्या भाषणातही त्यातली एकच होती.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या वेळी कुणी रात्री अकराला 'कराची गेलं' म्हणलं, तर सकाळपर्यंत थांबणार. चुकीचं टाकलं तर त्याच ग्रुपवर, त्याच जागी चूक कबूल करणार. आणि 'आपलं किती नुकसान झालं?' असं विचारणाऱ्याला गद्दार म्हणणार नाही, कारण मेलेल्यांची काळजी असल्याशिवाय हा प्रश्न कुणाला पडत नाही.

बाकी, तुमच्या घरात १९४८च्या काही आठवणी असतील, कुठल्याही गल्लीतल्या, तर मला सांगा. वहीत उतरवून घेतो. सांगणारी माणसं आता फार राहिली नाहीत.