102 मेगापिक्सेलचा मिडियम फॉरमॅट की 61 चा छोटा फुल फ्रेम? लग्नाच्या अल्बममध्ये फरक दिसतो का?

तुळशीचं लग्न लागलं की इंदापूर-बारामती पट्ट्यात मांडव पडायला सुरुवात होते. कळंबमध्येही (धाराशिवचं नव्हे, वालचंदनगरला खेटून असलेलं) हॉल ठरला की पुढचा फोन फोटोग्राफरला जातो. आणि गावोगावच्या या पोरांपुढे सध्या एक महागडा प्रश्न आहे. नवा कॅमेरा घ्यायचा तर कोणता?

प्रश्न आत्ताच का आला? मार्च 2025 मध्ये फुजीफिल्मनं जीएफएक्स 100 आरएफ आणला. सेन्सर मिडियम फॉरमॅट, 102 मेगापिक्सेल, वजन फक्त 735 ग्रॅम. जुलैमध्ये सोनीनं आरएक्स 1 आर 3 आणला. तो 61 मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम, अर्ध्या किलोच्या आत. दोन्हींची लेन्स निघत नाही. 2025 मध्ये बाजारात आले तेव्हा अमेरिकेतल्या किमती पाच हजार डॉलरच्या आसपास होत्या, म्हणजे कर न धरता नुसतं रूपांतर केलं तरी चार लाखांच्या पुढे. कर्ज काढूनच घ्यायची वस्तू.

मग रीलवाले म्हणतात, ‘मिडियम फॉरमॅटची बातच न्यारी.’ आता जरा आकडे बघू.

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. फुजीचा साधारण 44 बाय 33 चा. क्षेत्रफळ 1.67 पट. जुन्या स्टुडिओत वरून खाली डोकावून फोटो काढायचा दोन लेन्सचा डबा असायचा, आठवतोय? त्यातली फिल्म 56 बाय 56 मिलिमीटरचं चित्र घ्यायची, म्हणजे फुल फ्रेमच्या साडेतीन पटीहून जास्त. मिडियम फॉरमॅटचा दरारा त्या काळातला आहे. डिजिटलमध्ये नाव तेच राहिलं, अंतर मात्र बरंच कमी झालं.

गंमत पुढे आहे. 61 आणि 102 मेगापिक्सेलच्या या दोन्ही सेन्सरवर एका पिक्सेलचा आकार सारखाच, 3.76 मायक्रॉन. फुजीचा पिक्सेल ‘भारी’ नाही, संख्येनं जास्त आहेत इतकंच. शेतातली माती तीच, बांध तेवढा पुढे सरकलाय.

मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो हे खरं. पण प्रकाश आत सोडते लेन्स. फुजीची लेन्स एफ 4 ची, फुल फ्रेमच्या हिशेबात ती एफ 3.2 च्या जवळ जाते. सोनीची एफ 2 ची. शटर स्पीड सारखा ठेवला तर सोनीच्या सेन्सरवर एकूण प्रकाश जवळपास अडीचपट पडतो. त्यामुळे रात्रीच्या वरातीत, एलईडीच्या मिणमिणत्या उजेडात, छोटा सेन्सरच कमी नॉइज देईल. मागची गर्दी धूसर करायलाही तोच सरस. फुजीचा मोठेपणा लागतो तो भरपूर उजेडात.

आता अल्बम. आपल्याकडचा नेहमीचा अल्बम उघडला की 12 बाय 36 इंच. एका पानाला 12 बाय 18. इंचाला 300 ठिपके धरले तर 5400 बाय 3600 पिक्सेल पुरतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. हे काम जुना 24 मेगापिक्सेलचा कॅमेराही आरामात करतो. भिंतीवरची 24 बाय 36 ची फ्रेम घेतली तर 61 मेगापिक्सेलमधून इंचाला 264 ठिपके मिळतात, 102 मधून सुमारे 323. हातभर अंतरावरून चांगली नजर इंचाला 175 च्या आसपासच ठिपके वेगळे ओळखते. पाहुण्यांनी फ्रेमला नाक लावलं तर गोष्ट वेगळी. आणि इन्स्टाग्रामवर? 1080 पिक्सेल रुंदी. विषय संपला.

खर्च कॅमेऱ्यापाशी थांबत नाही हेही बघा. 102 मेगापिक्सेलची 16 बिटची अनकंप्रेस्ड रॉ फाइल 200 एमबीच्या घरात जाते. लग्नात 3,000 फोटो निघाले की एका लग्नाला 600 जीबी. सीझनला वीस लग्नं धरा आणि हार्ड डिस्कचा हिशोब तुम्हीच करा. कॉम्प्युटर बदलावा लागेल तो वेगळाच.

लग्नं नसतात तेव्हा इथले फोटोग्राफर उजनीच्या काठावर भिगवणला फ्लेमिंगो टिपतात, आषाढी वारीत बेलवाडीच्या रिंगणात धावता अश्व टिपतात. ती कामं या दोन्ही कॅमेऱ्यांची नाहीत. जीएफएक्सच्या लेन्स बदलता येणाऱ्या मॉडेलना फुजीची सगळ्यात लांब लेन्स 500 मिलिमीटरची आहे, फुल फ्रेमच्या हिशेबात 400 सुद्धा भरत नाही.

म्हणून लग्नाच्या धंद्यासाठी लेन्स बदलता येणारा छोटा फुल फ्रेम बॉडी घेऊन उरलेले पैसे चांगली लेन्स आणि फ्लॅशमध्ये घालणं जास्त शहाणपणाचं दिसतं. सोनीचाच ए 7 सी आर घ्या. 61 मेगापिक्सेल, 515 ग्रॅम, 2023 मध्ये अमेरिकेत 3,000 डॉलरच्या आत आलेला.

मिडियम फॉरमॅट खरंच उजवा ठरतो तो दागिन्यांच्या कॅटलॉगला, पैठणीच्या विणीला, जुन्या हस्तलिखितांची प्रत काढायला. वस्तू हलत नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर, लाइट हवे तितके. कळंबच्या स्टुडिओला असं काम वर्षातून एखाद्या वेळी आलं, तर पुण्याहून दिवसाच्या भाड्यानं कॅमेरा आणता येतो.