तर्काची परीक्षा की इंग्रजीची?



आधी एक प्रश्न सोडवा. 'यंदा संत्र्याचा भाव पडला, म्हणजे पीक जास्त आले असले पाहिजे.' या विधानात काय गृहीत धरले आहे? सौंसरचा कोणताही बागायतदार चहा संपायच्या आत सांगेल : भाव पडायला दुसरे कारणच नसते, हे गृहीत धरले आहे, आणि तेच चूक आहे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की पीक न वाढताही भाव पडतो, हे आपण पाहिले आहे.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २००८ पासून होणाऱ्या 'क्लॅट' परीक्षेत तर्काचे प्रश्न याच जातीचे असतात. उतारा वाचा, गृहीतक शोधा, निष्कर्ष टिकतो का ते सांगा. वाद घालण्यात आपली मुले कोणाला हार जाणार नाहीत. पण उतारा सुमारे ४५० शब्दांचा आणि फक्त इंग्रजीत! दोन तासांत १२० प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. मराठी घरात वाढलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या मुलाचा तर्क चुकत नाही, वेळ संपतो. भोपाळ आणि नागपूर, दोन्हीकडची विधि विद्यापीठे हाकेच्या अंतरावर असून आपल्याला दूर राहतात ती अशी.

यावर उत्तर ठरलेले : 'वरिष्ठ न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते, म्हणून परीक्षा इंग्रजीतच हवी.' आता यातले गृहीतक शोधा. जे पाच वर्षांत शिकवायचे, ते प्रवेशाआधीच यायला हवे, हे ते गृहीतक! शिवाय इंग्रजीचा वेगळा विभाग परीक्षेत आहेच. तो खुशाल ठेवा. पण तर्क, कायदा, गणित, सामान्यज्ञान या विभागांतही पुन्हा इंग्रजीच का तपासता? डॉक्टर होण्याची 'नीट' मराठीत देता येते, महाराष्ट्राची विधि सीईटी मराठीत देता येते, मग क्लॅटलाच काय अडचण? २०२३ मध्ये हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. परीक्षा आजही इंग्रजीतच आहे.

आपली आणखी एक गंमत पाहा. नीटची मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. १९५६ मध्ये राज्याची रेघ आपल्या दक्षिणेला ओढली गेली, तेव्हा आपली भाषाही पलीकडे गेली असे दिल्लीने गृहीत धरले काय? त्याच वर्षी भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. ती आपल्यासाठीच आहेत.

पण बोट स्वतःकडेही वळवू. 'पोरगा इंग्रजी शाळेत घातला, म्हणजे हुशार निघणार', हेही तितकेच कच्चे अनुमान आहे. घरात मराठी बोलणे सोडले आणि इंग्रजीही धड आली नाही, तर पोर विचार कोणत्या भाषेत करणार?

म्हणून मागण्या दोन. क्लॅटचे इंग्रजीखेरीजचे विभाग मराठी-हिंदीतही मिळावेत. मराठी प्रश्नपत्रिका पांढुर्णा-छिंदवाड्याच्या केंद्रांवरही मिळावी. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आता निवेदन द्यायला छिंदवाड्याला जायची गरज नाही.

आणि घरचे काम एक. दर रविवारी मुलांसोबत एक मराठी आणि एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि विचारा : 'लेखकाने काय गृहीत धरले?' हा लेखही त्यातून सोडू नका.