दुसरा अ‍ॅम्प आवाज वाढवायला नसतो

“काका, दोन कशाला? एकच लावा ना. आवाज मी बाहेरून देतो की.” नाट्यगृह कोणतंही असो, टेम्पोतून माझे दोन गिटार अ‍ॅम्प मंचावर आले की साउंडवाल्या पोराचं हे वाक्य ठरलेलं. मी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो; ठाणे, डोंबिवली, दादर, पार्ले, अधूनमधून पुणे-नाशिक. त्या पोराचा मला राग येत नाही. गणपतीपासून नवरात्रापर्यंत एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतींनी ज्या शहरांतली तावदानं थरथरतात, तिथे मंचावर एकाऐवजी दोन बॉक्स दिसले की माणूस सावध होणारच. आयोजक तर तोंडावर विचारतात, “प्रेक्षकांचे कान फोडायचेत का?” आमच्या कार्यक्रमांना येणारी मंडळी बरीचशी साठीच्या पुढची. तेव्हा त्यांची काळजीही अगदीच अनाठायी नाही.

हिशेब मात्र चुकतो. तेवढ्याच ताकदीचा दुसरा अ‍ॅम्प जोडला की वॅट दुप्पट होतात, आवाज नाही. वॅट दुप्पट झाल्यावर पातळी वाढते ती साधारण 3 डेसिबलनी, म्हणजे कानाला ‘जरा वाढलंय का?’ असं वाटण्याइतपत. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला 10 डेसिबलच्या आसपास वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. नुसत्या आवाजासाठी दुसरा अ‍ॅम्प आणणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. पहिल्याचं बटण थोडं फिरवलं की झालं. मी आणतो तो वेगळ्याच कामासाठी.

अर्थात ही सवय जन्मली ती आवाजाच्या गरजेतूनच. 1960 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या सभागृहांत बाहेरच्या स्पीकरमधून बहुधा गायकाचाच आवाज जायचा. गिटार लोकांपर्यंत पोहोचवायची तर मंचावरच्या अ‍ॅम्पच्याच जोरावर. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55 हजारांवर लोकांपुढे बीटल्स उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे व्हॉक्स कंपनीचे 100 वॅटचे अ‍ॅम्प होते, आणि गाणं चाललं होतं स्टेडियममधल्या घोषणा करायच्या स्पीकरमधून. पोरींच्या किंकाळ्यांपुढे दोन्हीचा टिकाव लागला नाही.

त्याच सुमाराला ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड लंडनमधल्या जिम मार्शल यांच्याकडे गेला. मार्शल मूळचे ड्रम वाजवणारे आणि शिकवणारे. हॅनवेल भागात त्यांचं वाद्यांचं दुकान होतं. टाउनशेंडला एकाच बॉक्समध्ये बारा इंची आठ स्पीकर हवे होते. मार्शल म्हणाले, तुझ्या पोरांना हे उचलवणार नाही. तो ऐकेना. बॉक्स बनला, आणि थोड्याच दिवसांत स्वारी परत हजर, कारण सामान वाहणाऱ्यांनी हात टेकले होते. मग चार-चार स्पीकरचे दोन बॉक्स एकावर एक ठेवायचे असं ठरलं. रॉक संगीताच्या पोस्टरांवर पुढे पन्नास वर्षं मिरवलेली ती दोन मजली रचना हमालांच्या तक्रारीतून आली, ही गोष्ट मला फार आवडते.

या वेडाचं टोक गाठलं ते अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने. 1974 साली त्यांनी मंचाच्या मागे सहाशेच्या वर स्पीकरची भिंत उभी केली, सुमारे 26 हजार वॅटची. पण त्यात नुसता दणका नव्हता, डोकं होतं. प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे अ‍ॅम्प आणि वेगळे स्पीकर, त्यामुळे एकाच्या आवाजात दुसऱ्याची भेसळ नाही. भिंत वादकांच्या मागे असल्याने प्रेक्षक ऐकायचे तेच वादकही ऐकायचे. खर्च आणि वाहतूक मात्र इतकी जड झाली की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर ती भिंत पुन्हा उभी राहिली नाही.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि उसनवारीनं पोहोचलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा. वादकाच्या बोटांपेक्षा त्याच्या मागे किती बॉक्स आहेत यावर कट्ट्यावर जास्त चर्चा. परदेशी बँडच्या त्या भव्य भिंतींतले बरेच बॉक्स आतून रिकामे, निव्वळ शोभेचे असायचे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. रंगभवन शांतता क्षेत्रात मोडतं म्हणून पुढे तिथलं संगीतच थांबलं.

आज बऱ्यापैकी कोणत्याही नाट्यगृहात अ‍ॅम्पसमोर एक माइक ठेवला की गिटार शेवटच्या रांगेपर्यंत जाते. आठशे खुर्च्यांच्या सभागृहात जे तरुण 100 वॅटचे दोन अ‍ॅम्प घेऊन येतात, ते प्रेक्षकांसाठी आणत नाहीत, फोटोसाठी आणतात. माझे दोन्ही मिळून आवाजात त्यांच्या एकाच्या निम्म्यानंही भरणार नाहीत.

मग दुसरा कशाला? पंचमदांचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांचं कोणतंही गाणं आठवा. त्यांच्या ताफ्यात भूपिंदर सिंग होते, भानू गुप्ता होते, रमेश अय्यर होते. एका गाण्यात दोन-दोन, तीन-तीन गिटार असायच्या: एक ताल धरणारी, एक सुटे सूर पेरणारी, एक मध्येच खरखरीत आवाजात घुसणारी. आज आयोजक त्या सगळ्यांचं काम एका माणसाकडून करून घेतो आणि मानधन अर्थातच एकाचं देतो. माझा दुसरा अ‍ॅम्प म्हणजे आयोजकाला न परवडलेला दुसरा गिटारवाला.

माझी मांडणी साधी आहे. डावीकडचा अ‍ॅम्प स्वच्छ, काचेसारखा. उजवीकडचा व्हॉल्व्हचा, थोडं दाबून वाजवलं की आवाज फाटायला लागतो असा. पायाशी एक डबी. तिच्या बटणांनी गिटार डाव्याला द्यायची, उजव्याला, की दोघांना, ते ठरतं. ‘चिंगारी कोई भडके’ला फक्त डावा. ‘दम मारो दम’ला दोन्ही. फाटलेल्या आवाजाला दम असतो, पण त्यात कॉर्डचे सूर चिकटतात, बोटाचा आघात बोथट होतो. खालून स्वच्छ आवाज मिसळला की तारेवरचा घाव ऐकू येतो आणि वरचा सूर लांबतही राहतो. एकाच अ‍ॅम्पमध्ये हे जमवायला गेलात की दोन्ही गोष्टी अर्ध्याच हाताला लागतात.

याचं कारण ज्याने जगाला ऐकवलं तो ‘क्वीन’ बँडचा ब्रायन मे. हा माणूस व्हॉक्सचे एसी-30 अ‍ॅम्प पूर्ण फोडून वाजवतो. मधल्या अ‍ॅम्पमधून मूळ गिटार, एका बाजूच्या अ‍ॅम्पमधून तिचा पहिला प्रतिध्वनी, दुसऱ्या बाजूच्या अ‍ॅम्पमधून दुसरा. ‘ब्राइटन रॉक’ या गाण्यात तो एक ओळ वाजवतो, तिचा प्रतिध्वनी येईपर्यंत तिच्यावर जुळणारी दुसरी ओळ टाकतो, आणि असा एकटाच तिघांचं वाजवत राहतो. हे सगळं एकाच फाटलेल्या अ‍ॅम्पमधून काढलं असतं तर मूळ सूर आणि प्रतिध्वनी आतल्या व्हॉल्व्हमध्येच एकमेकांत अडकून नुसता गोंगाट झाला असता. तीन अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक सूर आपापला फाटतो आणि मग हवेत भेटतो. तारेत मिसळणं वेगळं, हवेत मिसळणं वेगळं.

जपानच्या रोलँड कंपनीने 1975 मध्ये हीच युक्ती एका बॉक्समध्ये बसवली. त्यांच्या जॅझ कोरस-120 मध्ये 60-60 वॅटचे दोन स्वतंत्र अ‍ॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर आहेत. कोरसचं बटण दाबलं की एका स्पीकरमधून साधा सूर येतो, दुसऱ्यातून किंचित मागे रेंगाळणारा, हेलकावणारा. दोन्ही समोरच्या हवेत मिसळून तो प्रसिद्ध लहरणारा आवाज होतो. यात गंमत अशी की साउंडवाल्याने एकाच स्पीकरपुढे माइक ठेवला तर बाहेर अर्धाच आवाज जातो. एका मोठ्या कार्यक्रमात असाच एक माइक ठेवून नंतर मला सुनावण्यात आलं, “तुमच्या गिटारचा कोरस काही लागत नाही हो.” आणखी एक माइक द्या म्हटलं, तर चॅनल शिल्लक नव्हता. सूत्रसंचालकासाठी दोन राखून ठेवले होते.

स्टिरिओच्या गप्पा मात्र मी मारत नाही. मी वाजवतो त्या बहुतेक ठिकाणी बाहेरचे स्पीकर मोनोच चालवतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर डाव्या कोपऱ्यातल्या तिकिटाला अर्धंच गाणं मिळेल. डावी-उजवीकडची मजा पहिल्या चार-पाच रांगांपुरती. बाकीच्यांपर्यंत पोहोचतो तो दोन आवाजांचा मेळ, आणि माझ्यासाठी तेवढा पुरेसा आहे.

राहिला प्रश्न कान फोडण्याचा. बारा इंची स्पीकरचे तीव्र सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर वादकाच्या पोटऱ्यांना ऐकू येतं, कानांना नाही. मग तो आवाज वाढवतो आणि समोर तिसऱ्या रांगेतले आजोबा कानात बोटं घालतात. उपाय फुकटचा आहे: अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, झोत वादकाच्या कानाकडे वळवा. मी तसं करतो, त्यामुळे माझे दोन अ‍ॅम्प मिळून शेजारच्या ढोलकीपेक्षा हळू वाजतात. खात्री नसेल त्याने मंचावर येऊन ऐकावं.

तरुण मुलं सांगतात, काका, आता हे सगळे अ‍ॅम्प पायाशी ठेवायच्या एका डबीत मिळतात. दोन काय, चार लावा. खरं आहे. मैदानातला कार्यक्रम असेल, सगळ्यांच्या कानात इअरफोन असतील, तर मीही डबीच नेईन. जॅझ कोरसचं वजन 28 किलो आहे, आणि माझी कंबर आता पंचविशीतली नाही. पण नाट्यगृहात ढोलकीवाला, अ‍ॅकॉर्डियनवाला, कोंगोवाला यांना माझी गिटार माझ्या जागेवरून यायला हवी असते. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये सगळ्यांचा काला होतो आणि मग ताल धरताना एकमेकांकडे बघावं लागतं.

खरा अडथळा पुढेच आहे, आणि तो विजेचा. एक गिटार दोन अ‍ॅम्पना जोडली की दोघांच्या अर्थिंगची वाट गिटारच्या केबलमधूनही एकमेकींना मिळते. त्या फेऱ्यात 50 हर्ट्झची घरघर शिरते. मग कोणीतरी शहाणा पुढे येतो आणि एका प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतो. घरघर थांबते, टाळ्या मिळतात. आणि त्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर ती गिटारच्या तारांतून वादकाच्या हातात आणि तिथून समोरच्या माइकमध्ये जायला मोकळी. 3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

योग्य उपाय महागही नाही. दोन वाटा करणाऱ्या डबीत एका वाटेवर छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असला की सूर पुढे जातो, तारेला तार लागत नाही आणि दोन्ही अ‍ॅम्पचं अर्थिंग जागेवर राहतं. त्याच डबीवर बहुधा फेज उलटा करायचंही बटण असतं. एकाचा स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत असेल, तर खर्ज गायब होतो आणि दोन अ‍ॅम्प मिळून एकापेक्षा पातळ वाजतात. बटण दाबायचं, खर्ज परत येतो. हे तपासायला साउंड चेकला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं पाहुण्यांच्या सत्काराच्या तालमीत गेली की मग दोष गिटारवाल्याचा.

पण डबी माझी, बोर्ड नाट्यगृहाचा किंवा मंडळाचा. त्या बोर्डाला अर्थिंग आहे की नुसतंच तिसरं भोक, हे मला कळायला मार्ग नसतो. उघड्या मांडवात तर प्लगच नसतो. सोललेल्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकलेल्या मी कितीतरी ठिकाणी पाहिल्या आहेत. गायक हातात माइक घेऊन तिथेच उभा असतो आणि खाली गवत ओलं असतं. मी आता सॉकेट तपासायचा छोटा टेस्टर खिशात ठेवतो आणि त्यावर चुकीचा दिवा लागला तर गिटार बाहेरच काढत नाही. एका आयोजकाने यावरून मला ‘नखरेल’ म्हटलं. म्हणू दे.

नाट्यगृहाच्या भाड्याच्या पावतीवर एसीचे पैसे वेगळे लिहितात, सफाईचे वेगळे लिहितात. महापालिकांना माझी मागणी एवढीच आहे की त्याच पावतीवर मंचावरच्या सॉकेटचं अर्थिंग शेवटचं कधी तपासलं, ती तारीख आणि तपासणाऱ्याची सही छापावी.