अक्षर कशाला म्हणायचे?

संगणकाच्या तासाला एक उदाहरण हमखास असते : शब्दातील पहिल्या आणि शेवटच्या अक्षराची अदलाबदल करा. पायथन भाषेत एकदा तयार झालेली स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही. म्हणून तिची यादी करायची, यादीतील दोन घटकांची अदलाबदल करायची आणि यादी पुन्हा सांधायची. मधली ओळ अशी :

यादी[पहिला], यादी[शेवट] = यादी[शेवट], यादी[पहिला]

उदाहरणाला शब्द बहुधा इंग्रजी असतो. माझे मत असे, की तो मराठी असावा.

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव घ्या. ‘पडवळ’चे ‘ळडवप’ होते, उत्तर बरोबर. आता ‘महाळुंगे’. आपल्या लेखी अक्षरे चार, तेव्हा उत्तर ‘गेहाळुंम’ हवे. पण संगणक लांबी ८ सांगतो आणि उत्तराच्या आरंभीच एक निराधार मात्रा लोंबकळते. शेजारच्या तालुक्याचे नाव ‘जुन्नर’. त्याचे ‘रन्नजु’ व्हायला हवे; होते ‘रुन्नज’. ही चूक अधिक वाईट, कारण ती डोळ्यांना खुपत नाही.

दोष संगणकाचा नाही. पहिलीत घोकलेले आठवा : ह ला काना हा, ग ला एक मात्रा गे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी अशीच सुटी सुटी साठवली जाते. त्यामुळे थोडक्या चिन्हांत सारी बाराखडी आणि जोडाक्षरे बसतात. पायथन ही चिन्हे मोजते, अक्षरे नव्हे.

उपाय कठीण नाही. काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही चिन्हे आधीच्या वर्णाला जोडा. पाय मोडल्याचे चिन्ह आले तर पुढचा वर्णही त्याच गटात घ्या. मग गटांची अदलाबदल करा. खुद्द युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याची तरतूद २०२३ मध्ये आली!

नवशिक्यांवर हा जादा भार, असे काही शिक्षक म्हणतील. पण केवळ इंग्रजी शब्दांवर शिकलेला विद्यार्थी उद्या एखाद्या कार्यालयासाठी आज्ञावली लिहील आणि ‘क्षितिजा’चे आद्याक्षर ‘क’ छापील. तेव्हा भार कोणावर पडेल?

तर मित्रहो, आपल्या गावाचे नाव घ्या. आधी त्याची अक्षरे बोटांवर मोजा, मग संगणकाला विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर अभ्यास तेथून सुरू होतो.