विळा मजुराचा आणि तलवार केकची

रामाकोन्याच्या आठवणी आपण इथे गोड गोड लिहितो, आज जरा कडू लिहितो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या भागात एक उलटीच रीत पडली आहे. पोट्टे चौकात गाडीच्या सीटवर केक ठेवून तलवारीनं कापतात, व्हिडिओ टाकतात आणि आपलेच शिकलेले लोक खाली 'भाऊंना शुभेच्छा' लिहितात. इकडे दिवसभर संत्र्याची सल काढून घरी निघालेल्या मजुराच्या पिशवीत विळा दिसला की बसमधले लोक सरकून बसतात. गेल्या साली आमच्याकडच्या एका मजुराला रस्त्यात अर्धा तास उभं ठेवलं. कायले? तर पिशवीत विळा होता!

मी कॉमर्सवाला, वकील नाही. पण जन्म बँकेत गेला, कागद वाचायची सवय आहे. १९५९ चा शस्त्र कायदा साफ सांगतो की निव्वळ घरच्या किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू 'शस्त्र' नाही. काठीसुद्धा नाही. आपल्या मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना आहे. ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना बाळगता येत नाही. आणि खटक्याचा, स्प्रिंगचा चाकू? त्याचं पातं कितीही लहान असो, चालत नाही. म्हणजे गुन्हा कोणाचा, ते सांगा.

काही जण म्हणतात, सगळ्यावरच बंदी घाला. मग बाग काय नखानं छाटायची? दुसरे म्हणतात, रक्षणासाठी खिशात चाकू पाहिजे. अरे बापा, खिशात चाकू नसला तर भांडण दोन थापडांत मिटते. असला की एक दवाखान्यात आणि एक जेलात.

बँकेत आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, कर्ज कशासाठी? बैलजोडीच्या पैशात लग्न लावलं की ते कर्ज बुडालंच समजा. अवजाराचंही तसंच आहे. कामाला निघालं तर अवजार. तोच विळा भांडणात उचलला तर कायदा त्याला घातक हत्यारच धरतो.

आमच्या लहानपणी घरोघरी कुऱ्हाड होती, पण शिस्तही होती. लोहाराकडून पाजवून आणलेलं पातं चिंधीत गुंडाळायचं. दुसऱ्याला देताना मूठ पुढे करायची. पंगतीत, तमाशात, जत्रेत अवजार न्यायचं नाही. कोणी कलम शिकवलं नव्हतं, म्हातारे डोळे वटारायचे तेवढं पुरे होतं.

आज ते वटारणं आपल्याकडे आलं आहे आणि आपण लाइक देत बसलो आहोत.

म्हणून सांगतो. बागवाल्यांनी मजुरांना पात्यासाठी जाड कापडाचं आवरण शिवून द्यावं. अवजार पिशवीत तळाशी ठेवावं, कामावरून सरळ घरी यावं. निवडणुकीत, पोळ्यात, पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवसांत कलम १६३ (जुनं १४४) खाली आदेश निघाला तर तो आधी वाचावा. पोलिसांनीही पातं बघण्याआधी तळहातावरचे घट्टे बघावेत.

आणि ज्याच्या घरी तलवार आहे, त्याच्या बापाला एवढंच विचारा, ही कोणत्या पिकाला लागते?

पटलं नसेल तर खाली लिहा. पण कारणासकट लिहा.