थार घेण्याआधी कोल्हापूरकराने काय पाहावे

पाडवा किंवा दसरा आला की शहरातल्या शोरूमपुढे हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. गेल्या काही वर्षांत त्या रांगेत थार डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या आहेत. २ ऑक्टोबर २०२० ला महिंद्राने ही गाडी पूर्ण नव्या रूपात बाजारात आणली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली आणि त्या ऑक्टोबरात बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजारांवर लोकांनी नाव नोंदवलं. आपल्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात वाहन उद्योगासाठी कास्टिंग ओतली जातात. लोखंड कळणारं हे गाव आहे. या गावातल्या ग्राहकाने रंग, सनरूफ आणि टचस्क्रीन पाहून पंधरा-वीस लाख मोजावेत, हे मला पटत नाही. शिवाय ही गाडी आपल्या अंगणात राहत नाही. ती सगळ्यांच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या पुरात आणि सगळ्यांच्या डोंगरावर जाते. म्हणून हे मुद्दे मांडतो.

१. फोर बाय फोर खरोखर लागतं का, हे आधी ठरवा. थारसारखी दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकं ओढत नाही. जानेवारी २०२३ पासून तीन दारांची थार नुसत्या मागच्या चाकांवरही मिळते. रॉक्समध्ये फोर बाय फोर हवं असेल तर डिझेलच घ्यावं लागतं. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडात शेत असेल, पावसाळ्यात पाणंदीतून घरी जावं लागत असेल, तर लो गिअरचा पैसा वसूल होतो. राजारामपुरीत राहून महिन्याकाठी पुण्याला जाणाऱ्याने तो पैसा का घालावा? वजन वाढतं, डिझेल जास्त जातं. त्यात ही यंत्रणा पार्ट टाइम असते. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून गाडी वळवली तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ताणतात आणि ट्रान्स्फर केसवर भार येतो. सेल्समनला हे विचारा. तो ‘कुठेही लावा, काही होत नाही’ म्हणाला तर दुसऱ्या माणसाशी बोला.

कराचं गणितही इथेच करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून लांब किंवा मोठ्या इंजिनाच्या गाडीला ४० टक्के. त्यावर आरटीओचा कर, आणि महाराष्ट्रात तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या ऑन रोड किमतीत त्यामुळे मोठी तफावत पडते.

२. नव्या मॉडेलची पहिली खेप सोडा. ही कुणा एका कंपनीची बदनामी नव्हे. नवा साचा, नवे पुरवठादार, नवी असेंब्ली लाइन असली की काही दोष रस्त्यावर आल्यावरच सापडतात. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १५७७ डिझेल थार कंपनीने कॅमशाफ्टमधल्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीने स्वतःहून बोलावल्या, हे चांगलंच झालं. पण तो त्रास पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या ग्राहकांच्याच वाट्याला आला. सहा महिने थांबलात तर काही बिघडत नाही. आणि गाडी घेतल्यावर तुमच्या चेसिस नंबरवर रिकॉल आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर अधूनमधून पाहत चला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. ग्राहकांनी तक्रारी नोंदवल्या तरच त्या अधिकाराला धार येते.

३. गाडीखाली वाका. जुने कपडे घालून शोरूमला जा, मोबाइलची बॅटरी लावा आणि जमिनीवर आडवे व्हा. लोक बघतील, बघू देत. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगवटा दिसेल. दगडाला पहिला तोच लागतो. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा नेमका कुठून मोजलाय ते विचारा. डिझेलच्या टाकीखाली, ट्रान्स्फर केसखाली पत्रा आहे की नाही, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगचे जोड उघडे लोंबताहेत की वर बांधलेत, हे पाहा. पुढे आणि मागे ओढून काढण्यासाठी हूक आहेत का, आणि ते थेट चेसिसला आहेत की बंपरला, हेही पाहा. चिखलात अडकल्यावर ट्रॅक्टरवाला दोर लावायला जागा शोधतो, तेव्हा याचं महत्त्व कळतं. इंजिनाची हवा आत कुठून जाते, ते बॉनेट उघडून दाखवायला सांगा. पाचव्या मुद्द्यासाठी ते लागणार आहे.

आता लांबी. तीन दारांच्या थारच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २४५० मिलिमीटर, रॉक्सचं २८५०. घरच्यांना मागे बसायला ते ४० सेंटिमीटर सोयीचे आहेत, आजींना पुढची सीट पाडून मागे चढावं लागत नाही. पण कालव्याचा भराव ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात, आणि मधलं पोट टेकतं. पाणंदीतला उंचवटाही असाच आहे. तुमच्या वाटेवर असा भराव असेल तर लांब गाडी घेताना हा विचार कराच.

टायरचंही तसंच. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती आणि शाहूवाडीची तांबडी माती यांत फार फरक आहे. काळी माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होतो. जमिनीवर पकड नसेल तर फोर बाय फोर असून चारही चाकं जागेवर फिरतात.

४. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. जोतिबाच्या चढाला न्या, निम्म्यात थांबवा आणि पुन्हा उचला. उतारावर ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये सोडून पाहा. एक फेरी अंधारात करा, कारण भुईबावडा किंवा आंबा घाटात धुकं उतरल्यावर दिवे किती उजेड देतात यावर घरच्यांचा जीव असतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि चढू-उतरू द्या.

५. पाणी. कोल्हापुरात हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ही गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. म्हणजे दोन फूट दीड इंच. हा आकडा संथ पाण्यासाठी, अगदी हळू गाडी चालवताना आणि खालची जमीन पक्की असताना खरा असतो. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. पुरात दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना, एसयूव्हीसकट, उचलून नेऊ शकतं, असा इशारा अमेरिकेची हवामान संस्था कायम देते. कंपनीने सांगितलेली मर्यादा जिथे संपते, जवळपास तिथेच वाहून जाण्याची पातळी सुरू होते. मधे शिल्लक काही राहत नाही.

आपल्याकडे तर नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यांचे बरगे काढलेले असतात, वरून पाणी जातं, बाजूला कठडा नसतो. गढूळ पाण्याखाली बंधाऱ्याची कड कुठे आहे ते उंच गाडीत बसूनही दिसत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. जिथे अवजड ट्रक थांबले, तिथे आपली गाडी काय करणार?

आणि शहरात, व्हीनस कॉर्नरला किंवा दुधाळीत गुडघाभर पाणी साचलेलं असताना जोरात गाडी घातली की तिची लाट दोन्ही बाजूंच्या घरांत आणि दुकानांत शिरते. पाणी ओसरेल म्हणून उंबऱ्यावर पोती लावून बसलेल्या माणसाच्या घरात आपण पाणी ढकलतो. गाडीची क्षमता आहे म्हणून तो हक्क मिळत नाही.

विम्याचं सांगतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण हवेच्या वाटेने पाणी शिरलेलं इंजिन पुन्हा चालू करायला जाऊन ते आतून मोडलं तर दावा सहसा फेटाळला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कलम लागतं. कोल्हापुरात ते घ्याच. आणि पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, ती ओढून बाहेर काढा.

६. अपघात-चाचणीचे तारे कोणत्या प्रकाराला मिळालेत ते पाहा. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपमध्ये चार तारे होते, रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच. पण तारे चाचणी झालेल्या गाडीचे असतात. २०२० च्या सुरुवातीच्या स्वस्त प्रकारात मागची आसनं आडवी होती. चाचणी समोर तोंड असलेल्या आसनांच्या गाडीची झाली.

७. तुमच्या गल्लीत बसते का? रॉक्स १.८७ मीटर रुंद आणि जवळपास साडेचार मीटर लांब आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत ती दारात लावली की रुग्णवाहिकेला जागा उरते का, हे टेप घेऊन मोजा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला बॉनेटसमोर उभं करून पाहा, गाडी बंद असताना. उंच आणि सपाट बॉनेटपुढे जवळ उभं असलेलं मूल दिसत नाही, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की गल्लीत गाडी चालवण्याची पद्धत बदलते. पुढचा कॅमेरा असलेला प्रकार मिळत असेल तर पैसे तिथे घाला.

८. गाडी घेतल्या घेतल्या ती बदलायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. पुढचा लोखंडी बंपर धडकेचा जोर थेट चेसिसकडे नेतो, एअरबॅगच्या सेन्सरला गोंधळात टाकतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याचा पाय मोडतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर सीपीआर रुग्णालयासमोरून जातो तेव्हा आत रुग्ण झोपलेले असतात.

९. मुहूर्ताच्या दिवशी गाडी तपासू नका, दोन दिवस आधी तपासा. मुहूर्ताला पेढे आणि फोटोच्या गडबडीत कुणीच नीट पाहत नाही. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नमुना २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, त्यात निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं. ते चेसिस नंबरशी ताडून पाहा. सेल्समनने तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. पुढे वाद झाला तर जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार इथे कोल्हापुरातच करता येते, आणि तिथे कागद लागतो.

१०. शेवटी, ही गाडी नेणार कुठे? समाजमाध्यमांवरच्या रीलमध्ये थार पठारावर गोल फिरताना दिसते. मसाई पठार जांभ्याचं आहे. खडकावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीला त्याच थरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं फुलतात. पावणेदोन टनांची गाडी ओल्या पठारावरून एकदा गेली की तो थर खरवडून निघतो, चाकोरीतून पाणी वाहायला लागतं आणि पुढच्या वर्षी तिथे फक्त दगड राहतो. हेच पठार पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर आहे. १६६० च्या त्या रात्रीची आठवण ठेवून हजारो मुलं दर पावसाळ्यात तिथून पायी जातात. हे पठार संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित आहे. राधानगरी तर गव्यांचं अभयारण्य आहे, तिथे ठरलेला रस्ता सोडणं हा गुन्हाच. वन विभागाने अशा पठारांच्या तोंडाशी खडक लावून गाड्यांची वाट बंद करावी आणि स्थानिक तरुणांना पहाऱ्याचं काम द्यावं, ही माझी मागणी आहे.

ज्यांनी विचार करून अशी गाडी घेतली आहे, त्यांना एक विनंती. पावसाळ्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या १०७७ क्रमांकावर फोन करा आणि आपल्या गाडीचा आणि चालकाचा तपशील द्या. आंबेवाडी, चिखलीची माणसं पाण्यातून बाहेर आली की त्यांना निवाऱ्यापर्यंत, दवाखान्यापर्यंत न्यायला पाण्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या गाड्या लागतात. तिथे या.